मागच्या पंखावरचे ठिपके

टॉवेल गुंडाळून झाला होता, केस खसाखसा पुसायला सुरुवात झाली होती आणि "कान झटक आधी, मग ठणकला म्हणून रडत बसू नकोस" इथपर्यंत बोलणं आलं होतं, तेवढ्यात टॉवेलच्या आतून आवाज आला, "काकू, मी नाही." अगदी अदबीने आला. तिचे हात जागीच थांबले. टॉवेलमधून एक ओला चेहरा वर आला. दोन डोळे, एक नाक, थंडीने निळसर पडलेले ओठ, सगळं जिथल्या तिथे होतं. आणि तरी नुसतं त्या चेह‍ऱ्याकडे बघून तो आपल्या मुलीचा आहे की नाही, हे तिला अजूनही सांगता आलं नसतं. आवाज मुलीचा नव्हता, एवढंच खात्रीचं होतं. तिने आजूबाजूला पाहिलं. तलावाच्या दारातून एकसारख्या काळ्या पोशाखातल्या, एकसारख्या निथळणाऱ्या मुली बाहेर पडत होत्या, आणि हाताच्या अंतरावर भिंतीला टेकून एक मुलगी दोन्ही हात छातीशी धरून कुडकुडत उभी होती. तिच्याजवळ टॉवेल नव्हता. म्हणजे ती आपली, असा हिशेब तिने केला, आणि तो बरोबर निघाला.

"अगंबाई! बघा मी कशी वेंधळी," असं म्हणून ती हसली. हे हसणं तिच्याकडे कायम तयार असे, पर्समधल्या घडी घातलेल्या रुमालासारखं. दुसरी मुलगी हसली, तिची आई हसली, कोचबाईही शिट्टी तोंडातून काढून हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, टोपी काढली की मलासुद्धा सगळ्या सारख्याच दिसतात." एकूण सगळ्यांनी मोठ्या मनाने प्रकरण मिटवून टाकलं. फक्त भिंतीजवळची मुलगी हसली नाही. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती कधी एका जागी ठरली नव्हती. आणि आता मात्र ती अशी ठरून उभी होती की आईला तिच्याकडे टॉवेल घेऊन जाताना पाय उचलवेना. बसमध्ये भिंगरी खिडकीशी बसली. तिच्या आखूड केसांतून पाणी कॉलरमध्ये उतरत होतं. दोन थांबे गेल्यावर ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "उद्यापासून मी एकटी येईन. तू नको येऊस घ्यायला." मग थोड्या वेळाने, "रविवारी पण." रविवारी स्पर्धा होती. पहिलीच. त्यासाठी महिनाभर सकाळ-संध्याकाळ पाण्यात काढला होता, आणि त्यासाठीच मागच्या आठवड्यात कमरेपर्यंतची वेणी कापून टाकली होती.

सगळी फजिती त्या वेणीपायी झाली. वेणी होती तोवर प्रश्न नव्हता. शाळेच्या दारात, बागेत, तलावावर, शंभर मुलींत ती जाडजूड वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आलेली दिसली की हिचा जीव भांड्यात पडायचा. तेल लावून, विंचरून, रोज सकाळी ही खूण ती स्वतःच्या हाताने घालत आली होती. न्हाव्याच्या दुकानात भिंगरीने आरशातून विचारलं होतं, "कशी दिसते?" आणि हिने म्हटलं होतं, "छान." खाली फरशीवर पडलेली वेणी न्हाव्याने कुंच्याने लोटली तेव्हा तिला ती उचलून घ्यावीशी वाटली होती, पण ते केसांच्या मोहाने असं तिने स्वतःला समजावलं. घरात काही अडत नाही. घरात एकच मुलगी आहे, तिथे चूक होईल कशी? चूक व्हायला दुसरी मुलगी लागते. पण लोक म्हणतात, आई हजारांत आपलं लेकरू ओळखते. गायसुद्धा ओळखते म्हणतात. हे वाक्य कोणी सहज बोललं की तिला चोरी पकडल्यासारखं व्हायचं, आणि ती विषय बदलून भाजीच्या भावावर आणायची.

ती स्वतः पाचसहा वर्षांची असताना बाजारात एका निळ्या रेनकोटाचं टोक धरून चालत गेली होती. रेनकोट आईचा होता, म्हणजे आईच्यासारखा होता. फळांच्या गाड्या, मासळीवाल्यांचे ओले दगडी कट्टे, मग एक पूल, आणि पुलापलीकडे बसथांब्यावर रेनकोट थांबला आणि वरून एक चेहरा वाकला. तिने त्या चेह‍ऱ्याकडे विश्वासाने पाहिलं. काहीही वेगळं वाटलं नाही. चेहरा बोलला आणि आवाज परका निघाला, तेव्हा कुठे ती भोकाड पसरून रडली. शोधाशोध झाली, आई धावत आली, तिने एक धपाटा आणि लगेच एक पापा दिला आणि शेजारणींना सांगितलं, "असली वेंधळी आहे ना!" तेव्हापासून तो शब्द तिला चिकटला. तसा वाईट नव्हता. शब्द मिळाला की पुढे कोणी खोदत नाही, ज्याला तो मिळतो तोही खोदत नाही. शिक्षक म्हणाले वेंधळी, मैत्रिणी म्हणाल्या वेंधळी, आणि ज्यांना रस्त्यात ओळख दिली गेली नाही ते म्हणाले शिष्ट. शिष्ट हा मात्र तिला लागायचा. तिला माणसं आवडायची. एकदा कळलं कोण आहे, की ती दारातच अर्धा तास गप्पा मारायची. कळेपर्यंतचाच काय तो घोळ होता.

कळण्यासाठी तिने नकळत एक यंत्रणाच उभारली होती. माणसांच्या चपला, चाल, खांदे, खोकला, छत्री बगलेत मारायची तऱ्हा. संग्रहालयात, जिथे ती कीटक विभागात नोकरी करत होती, तिथले विभागप्रमुख किल्ल्यांच्या जुडग्यावरून ओळखू यायचे. त्यांनी एकदा किल्ल्या कापडी पाकिटात ठेवायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी तिने त्यांना "काचेला हात लावू नका, पलीकडून बघा" असं ठणकावलं. साहेब खूष झाले. शिस्त सगळ्यांना सारखी हवी, असं त्यांनी बैठकीत तिचं नाव घेऊन सांगितलं. अशा रीतीने कधी फजिती, कधी शाबासकी, दिवस जात होते. सगळं जग असंच चालतं, चपला आणि खोकले लक्षात ठेवत, असंच तिला कितीतरी वर्षं वाटत होतं. ते तसं नाही, हे तिला कळलं ते फुलपाखरांमुळे. नोकरीच्या सुरुवातीला शिकवायला एक म्हाताऱ्या बाई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी ट्रे पुढे ठेवून सांगितलं, "माणसाचा चेहरा बघता तसं फुलपाखराकडे एकदम बघू नका. एकदम बघाल तर फसाल. खूण शोधा. एक सापडली की थांबू नका, तिची साक्ष काढायला दुसरी शोधा." बरोबरीच्या उमेदवारांना ते जड गेलं. ते सारखे एकदम बघत आणि फसत. तिला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. मधल्या सुट्टीत तिने शेजारच्याला विचारलं, "चेहरा एकदम बघायचा म्हणजे कसा रे?" तो हसला, त्याला वाटलं गंमत आहे. तो हसत राहिला आणि तिला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एकाएकी फार मोठं दिसायला लागलं. म्हणजे यांना एकदम दिसतं. शोधावं लागत नाही. दार उघडून माणूस आत येतो आणि तो तोच असतो. त्या दिवशी ती पायी घरी गेली आणि रस्त्यातल्या प्रत्येकाचा तिला हेवा वाटला. त्यानंतर तिने ते कोणाला सांगितलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीत आपण अडाणी आहोत हे सांगणार कसं, आणि सांगून उपयोग काय, चष्मा थोडाच मिळणार होता.

नवऱ्यालाही सांगितलं नाही. नवरा बस-आगारात मेकॅनिक होता आणि त्याला अख्खं गाव ओळखत होतं. भारी बोलघेवडा. रस्त्यात समोरून कोणी येताना दिसलं की लांबूनच आरोळी ठोकायचा, "काय म्हणतायत आमचे पोस्टमन?" नाहीतर "अरे वा, वरच्या मजल्यावरच्या आजी निघाल्या वाटतं फिरायला!" तिला कधी त्याचा संकोच वाटायचा, इतकं मोठ्यांदा काय बोलायचं माणसाने, पण त्याच्याबरोबर बाहेर पडलं की तिला रस्ता हलका वाटायचा खरा. घरात शिरताना तो शिंकायचा. ग्रीसचा वास आणि उंबऱ्यावरची धूळ यांचं काही जमायचं नाही म्हणून की काय, पण दोन आखूड आणि एक लांबलचक अशी ती शिंक जगात दुसऱ्या कोणाची नव्हती. तो शिंकला की ती चहा टाकायची.

त्या संध्याकाळनंतर भिंगरी खरोखरच एकटी जायला लागली. उद्धटपणा नाही, रुसवा नाही, विचारलं तर उत्तर. हेच वाईट होतं. रागावली असती तर समजूत काढता आली असती. ती नीट वागत होती, पाहुण्यांशी वागतात तशी. रात्री ताटं उचलताना एकदा फक्त म्हणाली, "आई, तू तिचे केस किती वेळ पुसलेस माहितीये? मी बघत होते. मला वाटलं आता कळेल, आता कळेल." त्या मुलीला आपण मायेने पुसत होतो, हे भिंगरीने पाहिलं होतं. माया खरी होती आणि ती भलत्याच डोक्यावर चालली होती, आणि जिची होती ती हाताच्या अंतरावर थंडीत उभी होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने डोळे मिटून मुलीचा चेहरा आठवून पाहिला. हे ती सहसा करत नसे. वेणी आली, दुधाचे दात पडले तेव्हाचं बोबडं बोलणं आलं, तापात हाताला लागलेलं गरम कपाळ आलं. मधे जिथे चेहरा असायचा तिथे पुसलेल्या पाटीसारखं काहीतरी आलं. आपण आई आहोत का, असा एक वेडा प्रश्न तिच्या मनात आला आणि ती उठून पाणी प्यायली.

संग्रहालयात त्या आठवड्यात तिच्यापुढे एका निवर्तलेल्या शाळामास्तरांचा संग्रह होता. मास्तरांच्या घरच्यांनी पेट्या आणून दिल्या होत्या, डांबरगोळ्यांचा वास सगळ्या खोलीत भरून राहिला होता. मास्तरांनी आयुष्यभर फुलपाखरं जमवली, टाचणीला टाचणी समांतर लावली, पंख असे ताणले की बघत राहावं; आणि एका आख्ख्या ट्रेमध्ये दोन जाती एकाच नावाखाली लावून टाकल्या. सगळ्यांना म्हटलं होतं बिबळ्या कडवा. नारिंगी पंख, पुढच्या पंखाचं टोक काळं, त्यावर पांढरा पट्टा, कडेला काळी किनार. कडवा चवीला खरंच कडू असतो. एकदा खाल्ला की पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. पण छोटा चांदवा म्हणून दुसरंच एक फुलपाखरू आहे, ते कडू नाही, आणि त्याची मादी हुबेहूब कडव्यासारखी असते, म्हणून पक्षी तिलाही टाळतात. तोच नारिंगी, तेच काळं टोक, तोच पट्टा. फरक मागच्या पंखावर. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन ठिपके असतात, नराला चार. चांदव्याच्या मादीला एकच, वरच्या कडेजवळ. बस, एवढंच. मास्तर पुढच्या पंखाच्या दिमाखावर भाळले आणि फसले. ती एकेक टाचणी चिमट्याने उचलून वेगळ्या ट्रेमध्ये लावत होती आणि मास्तरांचा तिला जराही राग येत नव्हता.

शुक्रवारी दुपारी दारावर टकटक झाली. दारात एक मुलगी उभी होती, शाळेचा गणवेश, आखूड केस, पाठीवर दप्तर. शाळांच्या सहलींतल्या मुली रस्ता चुकून असं दार ठोठवत. "प्रदर्शन डावीकडे, बाळ," असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती गप्प राहिली. गप्प राहणं हीसुद्धा तिच्या यंत्रणेतली एक युक्ती होती. समोरच्याला आधी बोलू द्यायचं. "शाळा लवकर सुटली. किल्ली विसरले," मुलगी म्हणाली, आणि खोलीत एकदम भिंगरी आली. हिने सुटकेचा श्वास घेतला, आणि तो श्वास भिंगरीने पाहिला. ती दप्तर खाली ठेवून टेबलाशी येऊन उभी राहिली, एका पावलाचा तळवा दुसऱ्या पोटरीवर घासत, आणि ट्रेकडे बघत म्हणाली, "ही सगळी सारखीच तर आहेत."

"नाहीत. मागच्या पंखावरचे ठिपके बघ."

भिंगरीने भिंग घेतलं. कपाळावर बट नव्हती तरी खालचा ओठ पुढे काढून वर एक फुंकर मारली. वेणीच्या आधीपासूनची, लहानपणच्या झुलपांची सवय. बराच वेळ बघून ती म्हणाली, "हे वेगळं. याला एकच आहे." बरोबर होतं. मग तिने ही इतकी सारखी का ते विचारलं, कडव्याचं आणि पक्ष्यांचं ऐकून घेतलं, आणि हसू दाबत म्हणाली, "म्हणजे पक्षी पण फसतात. तुझ्यासारखेच." इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती चेष्टेने काहीतरी बोलली होती. आईनेही हसून चालवून घेतलं असतं तर तो विषय तिथेच संपला असता, रुमाल काढून तोंड पुसण्याइतकं ते सोपं होतं. तिने ते हसू काढलं नाही. भिंगरीने भिंगातून डोळा न काढता विचारलं, "आणि मला गं? मला कशावरून ओळखतेस?"

"वेणीवरून," ती म्हणाली.

भिंग खाली आलं. "वेणी तर कापली."

"हो."

"मग आता?"

"आता शोधतेय."

मग तिने सांगितलं. चांगलं सांगता आलं नाही. चेहरा दिसतो, म्हणाली, आंधळी नाहीये मी. डोळे दिसतात, नाक दिसतं, तू हसतेस ते दिसतं. पण नजर हलली की पुसलं जातं, आणि पुन्हा समोर आलं की पुन्हा नवं. सगळ्यांचंच. तुझंच असं नाही. माझं स्वतःचंसुद्धा, दुकानाच्या काचेत एक बाई रस्ता अडवून उभी असते, तिला मी म्हणते, जरा सरका. भिंगरी ऐकत होती. तिच्या चेह‍ऱ्यावर काय चाललं होतं हे या वेळी तिला अगदी स्पष्ट दिसत होतं, कारण राग आणि दुःख तिला वाचता येत, ते कोणाचे आहेत एवढंच कळत नसे. "म्हणून तू तो खेळ खेळायचीस," भिंगरी हळूच म्हणाली. "वर्गाचा फोटो आला की म्हणायचीस, दाखव बघू तू कुठे उभी आहेस. मला वाटायचं मी लहान आहे म्हणून. मी दरवर्षी दाखवायचे." हिने मान हलवली. खोलीत डांबरगोळ्यांचा वास होता आणि दोघींपैकी कोणालाच खुर्ची ओढून बसायचं सुचत नव्हतं. "मला सांगितलं का नाहीस, वेणी कापू नको म्हणून?" भिंगरीच्या आवाजात आता रडू होतं. "तुला किती हौस होती," आई म्हणाली, "आणि मी काय म्हणून अडवायचं? माझ्या सोयीसाठी का तू केस वाढवायचेस?" तेव्हा भिंगरी टेबलाला वळसा घालून आली आणि तिच्या कुशीत डोकं घालून रडली. आखूड केस हनुवटीला टोचले. रडणं थांबल्यावर नाक ओढत तिने विचारलं, "बाबांना माहितीये?" आणि नाही म्हटल्यावर, "रविवारी ये. पण कितव्या लेनमध्ये आहे ते मी सांगणार नाही. तू शोध."

रात्री जेवताना, पानं वाढून होताहेत तोवर, भिंगरीने पोटात काही ठेवलं नाही. "बाबा, तुला माहितीये का, आईला चेहरे ओळखू येत नाहीत?"

"हो, मग?" नवरा घास मोडत म्हणाला. "मीठ दे इकडे."

मीठ कोणी दिलं नाही. "तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? लग्नाच्या आधी तू एकदा आमच्या थोरल्या भावाशी अर्धा तास भांडून गेली होतीस, मी समजून. त्या बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, वर माझ्या वतीने माफी पण मागितली." भिंगरी ठसका लागेपर्यंत हसली. नवऱ्याने उठून स्वतःच मीठ घेतलं. "तेव्हापासून मी आपला ओरडतो, पोस्टमन आले, आजी आल्या. घसा बसला माझा."

"आणि शिंकतोस ते?" तिने विचारलं.

"ती पहिली खरी असते," तो म्हणाला. "बाकीच्या तुझ्यासाठी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"अगं, मला वाटलं तुला माहितीये, की मला माहितीये."

ती उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. दुःख नव्हतं त्यात. आपण एवढी वर्षं एकटीने अंधारात भिंत चाचपत चाललो आणि कोणीतरी शेजारून चालताना सगळा वेळ कोपरे सांगत होतं, हे कळल्यावर जे होतं ते होतं. बाहेरून नवऱ्याची हाक आली की भात निवतोय. तिने डोळे पुसले आणि बाहेर येऊन पानावर बसली.

रविवारी तलावावर इतके पालक जमले होते की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवर पावलांचे फटफट आवाज, भोंग्यातून कोणाची तरी नावं. भिंगरीला फ्रीस्टाइलमध्ये उतरायचं होतं. बटरफ्लाय तिला जमत नव्हतं, आणि घरात तेवढं एक विनोदाला पुरलं होतं. मुली रांगेने आल्या. निळ्या टोप्या, काळे पोशाख, डोळ्यांवर गॉगल. टोपीने केस गेले, कान गेले. गॉगलने डोळे गेले. तिला वाटलं, बघा, आता सगळं जग माझ्या जागी आलं. शेजारच्या बाई म्हणतच होत्या, "आमची कुठली हो यात?" त्या सहज म्हणत होत्या. ती मात्र पुढे वाकून बसली. मुली उडी मारायच्या ओट्यांमागे उभ्या राहिल्या. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या उंचीला सारख्या, सगळ्या कडक. नवरा तिच्या कानाशी वाकला, सवयीने, आणि "अगं ती बघ, पलीकडून..." एवढं म्हणाला तोच तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नकोस." त्याची मिशी तळहाताला लागत होती. तिने हात तसाच ठेवून दिला, न जाणो.

एकदम बघू नको, तिने स्वतःला बजावलं. डावीकडून सुरुवात कर. पहिली खांदे फिरवत होती. दुसरी हात झटकत होती. भिंगरी हात झटकते का? आठवेना. तिसरी, चौथी, नुसत्याच उभ्या. भोंग्यावर शिट्टीची तयारी झाली, आणि आता नाही सापडली तर, सापडली नाही तर ती पाण्यात उडी मारेल आणि मग नुसते हात आणि फेस उरेल. पाचवी. सहाव्या मुलीने उजव्या पावलाचा तळवा डाव्या पोटरीवर घासला. वर एकदा, खाली एकदा. एक खूण सापडली की थांबायचं नाही. ती बघत राहिली. सहाव्या मुलीने खालचा ओठ पुढे काढला आणि निळ्या रबरी टोपीवर, जिथे केसाचा एक धागाही दिसत नव्हता, वर एक फुंकर मारली.

"भिंगरे!" ती उभी राहून ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं. पायऱ्यांवरची माणसं वळली. सहावी मुलगी वळली. गॉगलमुळे ती कुठे बघते आहे ते दिसलं नाही, हात तिने हलवला नाही. फक्त दोन्ही अंगठ्यांनी गॉगल नीट बसवला आणि ओट्यावर चढली. तळहाताखाली नवरा काहीतरी बोलला. तिने हात काढला. "हेच म्हणत होतो," तो म्हणाला. शिट्टी झाली. पुढचं तिला नीट आठवणार नव्हतं. ती ओरडत होती, नवरा ओरडत होता, शेजारच्या बाईही चुकून सहाव्याच लेनला ओरडत होत्या. भिंगरी पाचवी आली. आठांत पाचवी म्हणजे काही झेंडा लागला नाही, पण तिने सबंध अंतर मधे एकदाही दोरी न धरता कापलं होतं.

टॉवेल घेऊन ती दारापाशी गेली. तेच दार, तीच ओली भिंत. आत गलका झाला आणि मुली लोंढ्याने बाहेर आल्या, टोप्या काढलेल्या, केस कपाळाला चिकटलेले, एकमेकींवर पाणी झटकत. तिने पायांकडे पाहिलं, ओठांकडे पाहिलं. कोणी पाय घासत नव्हतं, कोणी फुंकर मारत नव्हतं. सगळ्या कुडकुडत होत्या आणि हसत होत्या. मघाशी सापडलेलं पुन्हा हरवलं होतं. ते तसंच होणार, उद्याही होणार, शाळेच्या दारात, बसमध्ये, हिच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. तिला गंमत वाटली की आपल्याला भीती वाटत नाहीये. ती कोणाच्या अंगावर धावून गेली नाही आणि तिचं तयार हसूही तिने काढलं नाही. टॉवेल दोन्ही हातांनी उघडून धरला आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधे, उभी राहिली. कोचबाई बघत होत्या. त्या दिवशीची मुलगी आणि तिची आईही बघत होती. बघेनात का.

लोंढ्यातून एक मुलगी निघाली. सरळ चालत आली, वळली, आणि पाठ करून टॉवेलमध्ये उभी राहिली. तिने टॉवेल मिटला. आत थंडगार, थरथरणारं अंग होतं. केसांना हात लावायच्या आधी ती थांबली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "तूच ना गं?"

टॉवेलच्या आतून उत्तर आलं, "काकू, मी नाही."

आवाज भिंगरीचा होता. तिने ते डोकं छातीशी ओढलं आणि खसाखसा पुसायला सुरुवात केली.